शिदोरीची गोष्ट

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या गावच्या पोस्टात गेले, की मांजरपाटात शिवलेल्या पार्सलांची रास दिसते. कोणाचा मुलगा बंगलोरला, कोणाची लेक दुबईला. एका आजींना मी सहज म्हटले, "आजी, तिकडे बेसन, तूप, साखर सगळं मिळतं. नुसती कृती लिहून पाठवलीत तर टपालखर्च वाचेल." आजी म्हणाल्या, "गुरुजी, मागल्या साली तेच केलं होतं. तिकडचं बेसन निराळं, तूप निराळं. लाडू काही वळले नाहीत. आता बांधूनच पाठवते."

कृती पाठवावी की लाडू पाठवावेत, हा तो प्रश्न. वाचकहो, संगणकाच्या जगात याच प्रश्नावर मोठमोठ्या विद्वान माणसांनी गेली तीस वर्षे वाद घातला आहे, हे सांगितले तर आजींना खरे वाटणार नाही. मलाही वाटले नसते. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या वादाशी माझा संबंध आला तो एका लहान मुलीच्या कवितेमुळे.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या शाळेचे हस्तलिखित दरवर्षी निघते. त्या वर्षी प्रथमच ते छापायचे ठरले. शाळेकडे कोणीतरी भेट दिलेले आठ जुने संगणक होते आणि त्यांवर लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घातलेली होती. पाने मांडण्याचा एक प्रोग्रॅमही त्यात होता. पण तो पडला जुना. त्यात मराठी मजकूर घातला, की 'दिवाळी'तली पहिली वेलांटी 'द'च्या आधी न येता नंतर येई. 'ज्वारी'तला 'ज' पाय मोडून एकटाच उभा राही. सातवीतल्या एका मुलीने आपल्या ऊसतोडणीला गेलेल्या आईवर कविता लिहिली होती. पडद्यावर ती कविता पाहून तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, माझं शुद्धलेखन चुकलं का?"

चूक तिची नव्हती. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मराठी बरोबर जुळवते, असे मी ऐकून होतो. तेव्हा ती आणून बसवायची, असे ठरवून मी कामाला लागलो. संगणकाच्या मालकाचा म्हणजे 'रूट'चा परवलीचा शब्द कपाटातल्या चिठ्ठीवर होता. नवा प्रोग्रॅम म्हणाला, मला अमुक लायब्ररी नव्या आवृत्तीची हवी. ती आणली, तर ती म्हणाली, मला तमुक हवी. संध्याकाळपर्यंत मी एकामागून एक नव्या लायब्रऱ्या जुन्यांच्या डोक्यावर बसवत गेलो. शेवटी संगणक बंद करून चालू केला, तो काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी. चित्रे गेली, खिडक्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी ती चिठ्ठी आपल्या खणात कुलूपबंद केली. "गुरुजी, आठांतले सात तरी राहू देत," एवढेच ते म्हणाले.

हे असे का झाले, याचा शोध घेताना जो इतिहास मला कळला, तो येथे सांगतो.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. तीच पुढे लिनक्स झाली. तिच्या आधी आठ वर्षे, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा उद्योग आरंभला होता. कोणीही पाहावे, बदलावे, वाटावे अशी साधने तयार करणे हा त्याचा हेतू. त्या साधनांची जोड लिनक्सला मिळाली.

परंतु ही सगळी सामग्री सुटी सुटी होती. कोणीतरी ती निवडून, पाखडून, एकत्र बांधून द्यायला हवी होती. ते काम करणाऱ्या मंडळ्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणू लागले. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केली. आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव आणि आपले इयन, यांतून ते नाव घडले. १९९५ साली रेड हॅटने आरपीएम ही गाठोडी बांधण्याची पद्धत आणली. या पद्धतींत प्रत्येक प्रोग्रॅमचे एक पॅकेज असते, आणि आपल्याला आणखी कोणती पॅकेजे लागतात याची यादी त्याच्या कपाळावर लिहिलेली असते.

ही यादी का लागते? येथे लायब्ररी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ते पुस्तकालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमना लागणारे एकच काम एकदाच लिहून सामाईक ठेवायचे, याला लायब्ररी म्हणतात. अक्षरे जुळवण्याचेच काम घ्या. लिनक्सवर ते बहुधा 'हार्फबझ' नावाची लायब्ररी करते. हे नाव फारसी आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम असो की चित्र काढण्याचा, वेलांटी कोठे द्यायची हे तो या एकाच लायब्ररीला विचारतो. गावात एक विहीर आणि साऱ्या घरांचे पाणी तिचेच, तसा हा प्रकार. त्या काळी डिस्क लहान आणि मेमरी महाग होती, तेव्हा ही काटकसर आवश्यकच होती.

गैरसोय अशी, की विहीर एक असली म्हणजे पाण्याची चव साऱ्यांना एकच सोसावी लागते. नव्या प्रोग्रॅमला लायब्ररी नवी हवी आणि जुन्यांची घडी जुन्या लायब्ररीवर बसलेली. एकाची सोय पाहिली तर दुसऱ्याची मोडते. संगणकवाले याला 'अवलंबनाचा नरक' म्हणत. माझा काळा पडदा म्हणजे त्या नरकाचेच दर्शन होते.

यावर डेबियनने एक उत्तर काढले. मार्च १९९९ च्या आवृत्तीत त्यांनी 'आप्ट' नावाचे साधन दिले. एका पॅकेजचे नाव सांगितले, की ते त्याची सगळी भावकी शोधून आणते. मागे एक मोठे कोठार असते आणि त्यातली प्रत्येक वस्तू एकमेकींशी जुळते की नाही, हे स्वयंसेवक तपासतात. २०२३ सालच्या डेबियनच्या कोठारात ६४ हजारांवर पॅकेजे होती. ही सामुदायिक श्रमाची फार मोठी कमाई आहे, यात शंका नाही. पण कोठार एकदा बंद करून आवृत्ती जाहीर झाली, की आतले सामान त्या तारखेचेच राहते. नवे हवे असेल तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. शिवाय प्रत्येक डिस्ट्रिब्युशनचे कोठार निराळे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकच वस्तू पाच-सहा पद्धतींनी बांधावी, किंवा कोठारवाले कधी बांधतात त्याची वाट पाहत बसावे.

शिदोरीची कल्पना मात्र नवी नव्हती. इंग्लंडात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या संगणकांवर १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक प्रोग्रॅम हा एक फोल्डर असे. त्याच्या नावाआधी उद्गारचिन्ह असे, आणि तो फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी प्रोग्रॅम चाले. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने १९८९ साली हीच रीत स्वीकारली. पुढे ती मॅकच्या संगणकांत आली. लिनक्समध्ये ती आणण्याचे श्रेय विशेषेकरून सायमन पीटर या गृहस्थांकडे जाते.

त्यांनी २००४ साली 'क्लिक' नावाची योजना काढली. तेव्हा 'नॉपिक्स' ही सीडीवरूनच चालणारी लिनक्स लोकप्रिय होती. सीडीवर नवे काही लिहिता येत नाही, मग नवा प्रोग्रॅम बसवायचा कोठे? पीटर म्हणाले, बसवूच नका. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाबून एकाच फाईलमध्ये भरा, आणि ती फाईल जेथे असेल तेथूनच चालवा. नको झाली तर पुसून टाका, मागे कचरा राहणार नाही. 'एक प्रोग्रॅम, एक फाईल' असे हे साधे सूत्र होते. आरंभी अडचणी होत्या. अशा फायली एका वेळी आठच उघडता येत. २०११ च्या सुमारास क्लिक मंदावली, तेव्हा पीटर यांनी तीच कल्पना दुसऱ्या नावाने पुन्हा उभी केली, आणि २०१३ मध्ये तिचे 'अ‍ॅपइमेज' असे बारसे झाले.

अ‍ॅपइमेजची रचना मला फार आवडली. फाईलच्या तोंडाशी एक लहानसा चालता प्रोग्रॅम असतो. त्याच्या मागे 'स्क्वॉशएफएस' पद्धतीने दाबून भरलेले सगळे सामान. फाईलवर दोनदा टिचकी मारली, की तो छोटा प्रोग्रॅम जागा होतो, मागचे सामान तात्पुरत्या फोल्डरसारखे समोर मांडतो आणि मुख्य प्रोग्रॅमला उठवतो. काम संपले की पुन्हा गुंडाळतो. यात सामान डिस्कवर उतरवले जात नाही, आणि मालकाचा परवलीचा शब्द लागत नाही.

ती बांधण्याची एक युक्तीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सगळेच काही शिदोरीत बांधता येत नाही. लिनक्सच्या पायाशी असलेली सी भाषेची लायब्ररी यजमानाचीच वापरतात. जुन्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतो, पण नव्यावर बांधलेला जुन्यावर चालत नाही. म्हणून जाणते लोक अ‍ॅपइमेज बांधायला मुद्दाम वापरात असलेली जुनी लिनक्स घेतात. दिंडीत म्हाताऱ्यांच्या चालीने निघाले, की कोणी मागे पडत नाही.

या वादात खुद्द टॉरव्हाल्ड्सही पडले. पाण्यात बुड्या मारण्याचा त्यांना छंद. त्या बुड्यांची नोंद ठेवणारा 'सबसरफेस' हा प्रोग्रॅम त्यांनी २०११ साली सुरू केला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड येथे डेबियनवाल्यांच्या मेळाव्यात त्यांनी यजमानांनाच सुनावले, की विंडोज आणि मॅकसाठी तयार प्रोग्रॅम देणे आम्हाला जमते, पण लिनक्ससाठी ते करणे म्हणजे डोकेदुखी आहे. लिनक्सच्या जनकालाच लिनक्सवर आपला प्रोग्रॅम पोचवणे जड जावे! सबसरफेस पुढे अ‍ॅपइमेजच्या रूपातही मिळू लागला.

त्यानंतर या शिदोरीला दोन भावंडे झाली. रेड हॅटमधले स्वीडिश अभियंता अलेक्झांडर लार्सन यांनी क्लिक पाहून २००७ सालीच असा एक प्रयोग केला होता. दोन-तीन प्रयोगांनंतर त्यातून जे साधन निघाले, त्याला २०१६ च्या मे महिन्यात 'फ्लॅटपॅक' हे नाव मिळाले. सुटे भाग चपट्या खोक्यात भरून विकायचे आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायचे, या स्वीडनच्या फर्निचरवरून ते घेतले आहे. फ्लॅटपॅक सगळेच डब्यात भरत नाही. नेहमी लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा एक सामाईक थर तो वेगळा ठेवतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने आपल्या १६.०४ या आवृत्तीत 'स्नॅप' आणले. या दोघांत प्रोग्रॅमभोवती कुंपण घालण्याची सोय आहे. तुमची कागदपत्रे, तुमचा कॅमेरा यांना हात लावायचा, तर प्रोग्रॅमला परवानगी घ्यावी लागते. अ‍ॅपइमेजमध्ये असे कुंपण मुळातच नाही.

आता विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे, कारण कोठारवाले काही हट्टाने भांडत नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. गुप्तता राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत तो होता. तिची दुरुस्त आवृत्ती कोठारातून आली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की ती सामाईक लायब्ररी वापरणारे सगळे एकदम सुरक्षित झाले. विहीर एक असण्याचा हा फायदा. तीच लायब्ररी वीस डब्यांत वीस वेळा बांधलेली असेल, तर वीस जणांनी आपापला डबा पुन्हा बांधून दिला पाहिजे. त्यांतला एखादा आळशी निघाला, की तेवढे विष घरात राहिलेच.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. कोठारात पॅकेज बांधणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा बहुधा निराळे असतात, त्यामुळे मध्ये एक तपासणारा डोळा असतो. शिदोरीत तो डोळा जातो. मे २०१८ मध्ये स्नॅपच्या दुकानात २०४८ या आकड्यांच्या खेळात कोणीतरी चोरून आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम घातलेला सापडला. मुले खेळणार आणि यंत्र भलत्याच्या तिजोरीसाठी राबणार! तो खेळ लगेच काढून टाकला गेला. पुढे स्नॅपचे दुकान एकाच कंपनीच्या हाती असावे का, यावरही तंटा झाला आणि २०२० साली लिनक्स मिंटने स्नॅपला आपल्या घरात आपणहून जागा देण्याचे नाकारले.

असो. आता माझ्या गोष्टीकडे येतो.

छापखान्याला पाने देण्याची तारीख चार दिवसांवर आली होती. त्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर घरी आला. पुण्याला संगणकाच्याच कामात आहे. मी त्याला माझा पराक्रम सांगितला. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर एक फाईल घेऊन आला.

मी म्हटले, "अरे, परवलीचा शब्द मुख्याध्यापकांच्या खणात आहे."

"तो नकोच, गुरुजी. ह्या फाईलला फक्त चालायची परवानगी द्या."

त्याने फाईलवर उजवी टिचकी मारून एका चौकटीत खूण केली. मग दोनदा टिचकी. पाने मांडण्याचा तोच प्रोग्रॅम, पण नवा, पडद्यावर उभा राहिला. अक्षरे जुळवणारी नवी हार्फबझ तो आपल्या गाठोड्यातच घेऊन आला होता. मी ती कविता उघडली. वेलांटी जागेवर होती. 'ज्वारी'तला 'ज' 'व'ला बिलगला होता. मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून दाखवले. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे माझं बरोबरच होतं." पाने वेळेवर गेली. दोनशे प्रती निघाल्या.

त्या दिवशी निघताना मी विद्यार्थ्याला विचारले, "ही फाईल तू आणलीस म्हणून मी निर्धास्तपणे चालवली. दुसऱ्या कोणी आणली असती तर?"

तो म्हणाला, "तर चालवायची नाही, गुरुजी. लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यायची. मीही तिथूनच आणली आहे." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि वर्षानुवर्षं तीच वापरू नका. डबा बंद असला तरी आतलं सामान शिळं होतंच."

त्याचे हे दुसरे बोलणे मी ऐकले नाही. ती फाईल मी जपून ठेवली. २०२२ साली शाळेला एक नवा संगणक मिळाला, त्यावर उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती होती. मी ऐटीत मुलांसमोर ती फाईल उघडायला गेलो, तर काहीच होईना. कारण पुढे कळले. अ‍ॅपइमेजला आपले सामान मांडायला 'फ्यूज' नावाची सोय यजमानाकडून लागते. तिची जी जुनी लायब्ररी या फाईलला हवी होती, ती उबुंटूने त्या आवृत्तीपासून आधीच बसवून देणे सोडले होते. डबा भरलेला होता, पण तो उघडायला लागणारे ताट यजमानाच्या घरचे होते. पुढच्या काळात बांधलेल्या अ‍ॅपइमेजमध्ये ही गरजही काढण्याची खटपट झाली आहे. तेव्हा मात्र मला मुख्याध्यापकांपुढे जाऊन खणातली चिठ्ठी मागावी लागली. त्यांनी चिठ्ठी दिली आणि काम संपेपर्यंत माझ्या मागे उभे राहिले.

मला या तीस वर्षांच्या वादातून जे कळले ते इतकेच. सामाईक विहीर असावी आणि तिची राखण करणारे निःस्वार्थी लोकही असावेत. पण ज्याच्या गावापर्यंत तिचे पाणी वेळेवर पोचत नाही, त्याच्या हाती शिदोरी देण्याची सोयही असावी. आमच्यासारख्या आडगावच्या शाळेत, जेथे इंटरनेट आज आहे तर उद्या नाही, तेथे पेनड्राइव्हवरची एक फाईल म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, हे मोठ्या शहरांतल्या वाद घालणाऱ्यांना कदाचित दिसणार नाही. तो डबा कोणी बांधला आणि केव्हा बांधला, हे दोन प्रश्न मात्र उघडणाऱ्याने विचारलेच पाहिजेत.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीत भेटली, तेव्हा तो अंक अजून जपून ठेवला आहे म्हणाली. तिच्या आईला वाचता येत नाही. पण कारखान्यावर जाताना दरवर्षी भाकरीच्या फडक्याशेजारी तो अंक ती बांधून नेते, आणि कोपीवर कोणी शिकलेले भेटले, की आपल्यावरची कविता वाचून घेते.